तीन पाण्यांनी धुतलेली कणी

दादा,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. जलदानविधी झाला, महूची मंडळी महूला परत गेली, शेजारच्या काकूंनी डबा पाठवणं थांबवलं. आता या दोन खोल्यांत मी आहे आणि तुझे रातकिडे आहेत. पूर्वी तू आणि ते मिळून कलकलाट करायचात आणि मी तुम्हा सगळ्यांवर ओरडायचे. आता ते एकटेच ओरडतात आणि मी गप्प बसून ऐकते.

काल मछलीघराच्या दुकानातली तस्नीम आली होती. तिच्या पालीसाठी, रानीसाठी, किडे न्यायला. जाताना एक गोष्ट सहज बोलून गेली. तिला वाटलं, मला ती माहीतच असणार. मी मान हलवली, दार लावलं आणि जी खाली बसले ती दिवेलागणीपर्यंत उठलेच नाही. आठ वर्षं तुला एक सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं दादा, आणि काल कळलं की तूही तेवढीच वर्षं एक गोष्ट पोटात ठेवून होतास. तुझी मला कळली. माझी तुला कळायची राहिली. म्हणून हे लिहायला बसले. तुझे गुण सांगायला महूहून आलेले सगळे होते, त्यांनी ते छान सांगितले. मला वेगळं सांगायचंय.

मिल बंद झाली तेव्हापासून सुरुवात करते, कारण तुझं-माझं खरं भांडण तिथूनच सुरू झालं. मागांच्या शेडमधली हवा ओलसर ठेवणं हे तुझं काम. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, जास्त ओली झाली की चिकटतं, एवढं मला तू शंभरदा सांगितलंस. तुम्ही लोक त्याला नुसतं वाफ म्हणायचात. साहेब थर्मामीटर बघायचे, तू शेडमध्ये पाऊल टाकून गालानेच सांगायचास. आणि मग एके दिवशी गेटला कुलूप लागलं. पहिले कितीतरी महिने तू सकाळी डबा घेऊन गेटावर जाऊन बसायचास. दुपारी तिथेच जेवायचास आणि घरी यायचास. मी विचारलं, "काय करतोस तिथं दिवसभर?" तर म्हणालास, "कुछ नाही गं. बसतो अपन लोक."

शहरात तेव्हा नवंनवं काय काय येत होतं. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीची पिवळी पाटी लागली, घराघरांतून केबलच्या तारा ओढल्या गेल्या, मिलच्या भिंतीला लागून कुणाची तरी गाड्यांची शोरूम उभी राहिली. तू त्या शोरूमची काच बघून आलास आणि म्हणालास, "सुमे, आत एवढी थंड हवा करून ठेवलीय, पण कोरडी. सूत धरणार नाही तिथं." मला हसू आलं होतं आणि हसल्यावर फार वाईट वाटलं होतं.

तुझं मिलचं आणखी एक माझ्याकडे राहिलंय. मागांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही नुसत्या ओठांनी बोलायचात. मी सातवी-आठवीत असताना तू मला ते शिकवलंस. बाबा जेवताना फौजी शिस्तीत कुणाला बोलू द्यायचे नाहीत, आणि त्यांच्यासमोर आपण दोघं आवाज न काढता अख्खं जेवणभर गप्पा मारायचो. बाबा गेले, आई गेली, तरी ती सवय राहिली. भांडण झालं की बोलणं बंद, पण तू दारातून ओठांनीच विचारायचास, "चहा?" आणि मी ओठांनीच म्हणायचे, "नको." मग तू चहा ठेवायचास.

तस्नीमचं मल्हारगंजातलं मछलीघराचं दुकान तुला कसं सापडलं, हे मला कधी नीट कळलं नाही. गेटावर बसणारी माणसं हळूहळू कमी झाली, तेव्हा तू बहुतेक नुसता फिरत फिरत तिथे पोचलास. तिच्या टाक्यांमधलं पाणी, तापमान, हवेचे बुडबुडे, तुला घरच्यासारखं वाटलं असणार. तिच्या मामाने दुबईहून एक पाल आणली होती. पिवळी, अंगावर काळे ठिपके, शेपूट गाजराएवढी जाड. विकायला नव्हती ती, तस्नीमने स्वतःसाठीच ठेवली होती आणि नाव ठेवलं होतं रानी. आपल्याकडे पाल चुकचुकली तरी बायका तीनदा जमिनीवर बोट आपटतात, आणि ही पोरगी पालीला तळहातावर घेऊन बसायची.

रानी काही खात नव्हती. "चाचाजी, ये तो भूखी मर जाएगी, इसको जिंदा कीड़ा चाहिए," असं तस्नीम तुला म्हणाली आणि तू खान नदीच्या काठावर जाऊन रातकिडे पकडून आणलेस. पन्नाशी ओलांडलेला माणूस, हातात रुमाल, गवतात वाकलेला! पाटीलकाकूंनी तुला बघितलं आणि मला येऊन विचारलं, "वसंतरावांची तब्येत बरी आहे ना?" मग तस्नीमने सांगितलं की नदीकाठच्या किड्यांना फवारणीचं औषध लागलेलं असतं, ते रानीला बाधेल. तेव्हा तू म्हणालास, "मग घरीच पाळतो. त्यात काय आहे? उष्णता आणि वाफ, इतकंच तर पाहिजे."

इतकंच! दादा, तुझ्या त्या 'इतकंच'ने माझी आतली खोली खाल्ली. खोलीत झाकणाला जाळी लावलेले मोठे प्लॅस्टिकचे डबे आले. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आले, किड्यांना लपायला. माझी लोणच्याची वाटी गेली, तिच्यात ओली वाळू भरून तू माद्यांना अंडी घालायला ठेवलीस. थंडीत डब्यावर बल्ब लागला. पाण्याची वाटी ठेवली तर पिल्लं बुडतात, म्हणून ओला कापूस. तस्नीमकडे इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स केलेल्या चार पानांचा कागद होता, तो मला मराठीत करून सांगावा लागला. म्हणजे गुन्ह्यात मीही सामील होतेच. बाराव्या-तेराव्या दिवशी वाळूतून मुंगीएवढी पिल्लं वर आली, तेव्हा तू मला शाळेला उशीर करायला लावलास. "बघ तर, सुमे! बघ ना यार!" मी बघितलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं तर मिल बंद झाल्यापासून तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

तरी मी भांडायचं सोडलं नाही. रविवारी विहारात जाऊन आल्यावर माझ्या तोंडाला विशेष धार यायची. "पंचशीलातलं पहिलं शील काय सांगतं? आणि तू जीव वाढवतोस ते मारायला द्यायला," मी म्हणायचे. तू बटाट्याचे काप करत बसलेला असायचास. "मग रानीने काय खायचं? खिचडी?" "तो तिचा प्रश्न." "माझा पन आहे ना. भुकेली ठेवली तर ती हिंसा नाही होय?" यावर मी म्हणायचे की तुला वाद घालायची अक्कल नाही. तो वाद आपण कधीच संपवला नाही. खरं सांगू, मला तो संपायला नको होता. त्या अर्ध्या तासात तू माझ्याशी बोलायचास, एरवी दिवसभर तू त्यांचाच असायचास.

आता ते दिवस. दिवाळी होऊन गेली होती, थंडी सुरू झाली होती. आमच्या शाळेचे शिपाई निवृत्त झाले आणि मोठ्या बाई नवा माणूस शोधत होत्या. मी तुला न विचारता त्यांच्याकडे तुझं नाव टाकलं. सकाळी चहा पिताना सांगितलं. तू कप खाली ठेवलास. "मी घंटा वाजवू? तुझ्या शाळेत?"

"काय वाईट आहे? चार माणसांत राहशील."

"माणसंच तर होती मिलमध्ये, सुमे. कुलूप लावताना एकाला पन विचारलं नाही कुणी. इथं निदान वाफ मी ठरवतो."

"किडे सांभाळून आयुष्य काढणार आहेस?"

"मग तू काय काढलंस?" तू म्हणालास. "तू लग्न करून गेली असतीस ना, तर माझ्या मागे हा भोंगा तरी नसता."

तुला लागलीच पश्चात्ताप झाला, तुझ्या चेहऱ्यावर दिसलं मला. पण बोललेलं बोलून झालं होतं. मी लग्न का केलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? आईचं आजारपण, मग वहिनी वर्षभरात गेली, मग तू नुसता भिंतीकडे बघत बसायचास. मला कुणी थांबवलं नव्हतं, मीच थांबले. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. पण ते तू मला बोलून दाखवावंस?

त्याच दुपारी तू काहीच झालं नाही असं दाखवत स्वयंपाकघरात आलास. किड्यांना तू कोंडा, दुधाची भुकटी आणि तांदळाची कणी भरडून घालायचास. कणी वाण्याकडून आणायचास, ती त्या आठवड्यात मिळाली नव्हती. "घरची देतेस का थोडी?" मी तांदळाचा डबा ओढला, सुपात पाखडून कणी काढली आणि तुझ्यासमोर ठेवली. माझं लक्ष माझ्या रागात होतं. दुसरं काही माझ्या मनातसुद्धा नव्हतं, हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगेन.

दुसऱ्या दिवशी भाताचे तांदूळ धुवायला घेतले. पाणी नेहमीसारखं दुधाळ, बोटांना नेहमीसारखं बुळबुळीत, पण त्या दिवशी माझा हात थांबला. बोरिक पावडर. दरवर्षी तांदूळ भरताना किडे होऊ नयेत म्हणून मी त्याला बोरिक चोळायचे, आई चोळायची, सगळ्याच बायका चोळतात. आपण तांदूळ धुऊन खातो, म्हणून आपल्याला काही होत नाही. कणी मात्र तू कोरडीच भरडली होतीस, आणि पावडर तर सगळी कणीतच उतरते. आतल्या खोलीत तू शीळ घालत होतास. डब्याच्या जाळीचा आवाज आला. तू त्यांना दुसऱ्यांदा खायला घालत होतास.

चुलीपासून त्या खोलीपर्यंत दहा पावलं असतील. हाकसुद्धा पुरली असती. मी हाक मारली नाही. भोंगा, असं माझ्या डोक्यात घुमत होतं. मी तांदूळ धुतले आणि कुकर लावला.

पुढचे तीन-चार दिवस काय झालं ते तुला माहीतच आहे. ते आधी सुस्तावले. मग पाठीवर पडून पाय हलवायला लागले. तू वाळू बदललीस, कापूस बदललास, बल्ब वर केलास, खाली केलास, जुनं थर्मामीटर डब्यात टांगलंस. दर जेवणाला मी ठरवायचे की आता सांगते. दर जेवणाला तू म्हणायचास, "कुछ तो गडबड झाली माझ्याकडून," आणि माझा घास तोंडात फिरत राहायचा. पाचव्या दिवशी सकाळी खोलीतून आवाज आला नाही. तू सगळे डबे एकेक करून वर्तमानपत्रावर पालथे केलेस. पहिलं शील मला तोंडपाठ होतं, दादा. मी दारात उभी राहून बघत होते.

दुपारी तू खिशात एक पुडी घालून बाहेर पडलास. मला वाटलं, मेलेले किडे नदीत सोडायला गेलास. संध्याकाळी आलास, चपला काढल्यास आणि म्हणालास, "वाफ चुकली सुमे. माझा हात गेला." मी म्हणाले, "जाऊ दे, परत आण." एवढंच. माझ्या तोंडून तेवढंच निघालं. तू थोडा वेळ थांबलास, मी आणखी काही बोलेन असं वाटलं असेल बहुतेक. मग म्हणालास, "तुझ्या बाईंना विचार, जागा आहे का अजून. वाजवतो मी घंटा."

अशी मी जिंकले. गालाने हवा ओळखणाऱ्या माणसाला वाटलं की आपला हात गेला, आणि तो माझ्या शाळेत रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारायला आला. मी ते होऊ दिलं.

आणि त्याहून वाईट सांगू? ती आठ वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. सकाळी आपण दोघं बरोबर निघायचो, छत्रीबागेच्या गल्लीतून बडा गणपतीपर्यंत चालत. वाटेत तू पोहे घ्यायचास आणि मी शेव जास्त मागितली म्हणून चिडवायचास. घंटा तू अशी वाजवायचास की मोठ्या बाई घड्याळ तुझ्या घंटेवर लावायच्या. पोरं तुला घंटावाले दादा म्हणायची आणि तू वर्गाच्या खिडकीतून मला ओठांनी विचारायचास, "डब्यात काय?" मी फळ्याकडे तोंड करून हसायचे. मला हे सगळं मिळालं, आणि ते कशातून मिळालं हे रोज माहीत होतं.

तुझे डबे चार-पाच महिन्यांनी पुन्हा भरले. तस्नीमने रानीला किडे खाऊ घालायच्या डब्यातले काही वेगळे काढून ठेवले होते, त्यांच्यापासून तू पुन्हा वंश सुरू केलास. तोपर्यंत मी माझ्यापुरता बंदोबस्त केला होता. किडे मेले त्याच आठवड्यात मी सगळा तांदूळ धुऊन, वाळवून पुन्हा भरला आणि बोरिकची डबी फेकून दिली. तेव्हापासून या घरात तांदळाला बोरिक लागलं नाही. त्यामुळे टोके व्हायचे. एकदा तुझ्या पानातल्या भातात एक निघाला, तू तो बोटावर घेऊन म्हणालास, "आजकाल आपल्या तांदळात हे लई मजेत आहेत गं." मी म्हणाले, "वाण्याचा माल खराब." तू तो खिडकीबाहेर ठेवलास आणि जेवत राहिलास.

तू मात्र एक नवं खूळ काढलं होतंस. वाण्याची असो की घरची, कणी तीन पाण्यांनी धुवायची आणि गच्चीवर जुन्या धोतरावर कडक वाळवायची, मगच भरडायची. दर रविवारी. मी थट्टा केली, "आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी सोवळं पाळलं नाही, तू किड्यांसाठी आणलंस होय?" तू म्हणालास, "माती असते गं तिच्यात." आठ वर्षं तू माझ्या डोळ्यांसमोर कणी धूत होतास. मी रोज पोरांना निरीक्षण करायला शिकवणारी बाई, मला दिसलं नाही. की मी बघितलं नाही, कुणास ठाऊक.

मग तुझी छाती. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं कापसाच्या धुळीत काढली, हे व्हायचंच होतं. शेवटचे सहा दिवस तू हॉस्पिटलच्या त्या पलंगावर, नाकातोंडावर मास्क. मी रोज ठरवून यायचे की आज सांगायचं. शेजारच्या पलंगावरच्यांचे नातेवाईक असायचे, नर्स असायची, आणि कारण हवं असलं की सापडतंच. पाचव्या दिवशी तू माझ्याकडे बघून काहीतरी बोललास. मास्कच्या आत तुझे ओठ हलले. मला वाचता आले नाहीत. मी वाकले, मास्कवर वाफ धरली होती, आतलं काही दिसेना. मी म्हणाले, "हो दादा, हो." कशाला हो म्हणाले ते मला माहीत नाही. सहाव्या दिवशी तू गेलास.

आता कालचं. तस्नीमला मी डबे दाखवले. तिचे केस कानाशी पांढरे झालेत दादा, आणि रानी अजून टुणटुणीत आहे म्हणते. ती डब्यात डोकावली आणि म्हणाली, "माशाल्लाह, आपने तो बिल्कुल चाचाजी जैसा रखा है." मग तिने विचारलं, "चावल धो के डालते हो ना दीदी?" मी म्हणाले, ते त्याचं खूळ होतं, मी कुठे एवढं करत बसू. ती म्हणाली, "नहीं दीदी, वो तो पक्का करना. उस साल सब मर गए थे ना, तो चाचाजी दुकान पे पुड़िया लेके आए थे. खोल के मेरे को दिखाया, उंगली पे सफेद-सफेद लगा था. बोले, घर के चावल में दवा रहती है, सुमन भूल गई बेचारी. बोले, उसको बोलना मत, रो-रो के जान दे देगी."

पुडीत मेलेले किडे नव्हते तर. कणी होती.

म्हणजे संध्याकाळी चपला काढताना तुला सगळं माहीत होतं. "माझा हात गेला," असं तू म्हणालास तेव्हा तुझा हात कुठेही गेला नव्हता, हेही तुला माहीत होतं. तरी तू ते म्हणालास, आणि वर माझी घंटा वाजवायला कबूल झालास. भोंग्याच्या त्या एका वाक्याची भरपाई करत होतास का रे? आठ वर्षं रोज सकाळी चालत जाऊन? आणि मी समजत होते की मी तुला हरवलं.

मला रात्रभर बरं वाटायला हवं होतं. तस्नीमलाही तेच वाटलं असेल, की किती चांगला भाऊ. होतासच. पण दादा, तू ज्या सुमनला माफ केलंस ती विसरलेली सुमन होती. बेचारी. पहिल्या दिवशी मी विसरले, ते खरं आहे, तेवढी माफी मी घेते. दुसऱ्या दिवशी तू शीळ घालत होतास तेव्हा मी विसरलेली नव्हते. त्या दिवसाची माफी तुझ्याकडे कुणी मागितलीच नाही, मग तू ती देणार कुठून?

की तुला तेही कळलं होतं? भातात टोका निघाला तेव्हा तू इतका वेळ बोटावर धरून बघत का होतास? बोरिक बंद झालंय, हे तुझ्या लक्षात आलं असणार. मी ते बंद केलं म्हणजे मला कळलं होतं, एवढं तुला जोडता आलं नसेल असं मी कसं म्हणू? आणि तरीही तू कणी धूत राहिलास. माझ्यावर विश्वास उरला नव्हता म्हणून, की धुणं थांबवलं असतंस तर मी कारण विचारलं असतं म्हणून? मी दोन्ही बाजूंनी सारखा विचार करतेय. याचं उत्तर देणारा एकच माणूस होता आणि त्याच्या तोंडावर मास्क होता.

आज रविवार. मी विहारात गेले नाही. सकाळी तांदळाच्या डब्यातून कणी पाखडली. तिच्यात औषधाचा कणही नाही, मला माहीत आहे. तरी तीन पाण्यांनी धुतली, गच्चीवर तुझं धोतर पसरलं, चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या आणि चिमण्या हाकलत बसले. दुपारी भरडली. मग आतल्या खोलीत जाऊन जाळी उघडली. ऊन खिडकीतून डब्यांवर आलं होतं, नर सगळे एकदम ओरडायला लागले होते, कानठळ्या बसतील इतके. तिथे माझा मोठ्यानं बोललेला शब्दही मला ऐकू आला नसता.

तुम्हाला मिलमध्ये आवाजाची अडचण कधी झाली नाही. तू डब्यांपाशी बसायचास त्या स्टुलाकडे मी तोंड केलं, आणि तू शिकवलंस तसं, आवाज न काढता, एकेक शब्द ओठांवर नीट ठेवून म्हणाले, दादा, मला आठवलं होतं.